चौकटीची पाठ

(लातूरमधल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

माझ्या वडिलांचं गंजगोलाईजवळच्या एका बोळात फोटो फ्रेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. पुढे लाकडी फळी, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या पट्ट्या, काच कापायचा हिरा, सरसाचं भांडं आणि चुकांचा, म्हणजे बारीक खिळ्यांचा डबा. गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की वडील तो दोन्ही हातांनी कडेला धरून उजेडाकडे न्यायचे, नीट बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "हार घालायचा आहे का?"

माणूस हयात आहे की गेलाय, हे विचारायची ती त्यांची रीत होती. "गेले का?" असं कुणाच्या तोंडावर कसं विचारणार? समोरच्याने मान हलवली की वरच्या दोन कोपऱ्यांत दोन चुका जास्तीच्या ठोकायच्या, हार अडकवायला. पट्टी तीच, काच तीच, मजुरीही तीच. फरक त्या दोन चुकांचा.

पुढे मी या गावातून बाहेर पडलो. जुने कागद आणि फोटो जतन करायचं काम शिकलो, संग्रहालयांत त्यातच नोकरी झाली, त्यातच निवृत्त झालो. आज संयोजकांनी मला विषय दिलाय, राजघराण्याच्या संग्रहातली फोटोची चौकट. ब्रिटनच्या राजवाड्यातल्या चौकटीशी लातूरच्या माणसाचा काय संबंध, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. माझा संबंध त्या बोळातल्या फळीपासूनचा आहे. चौकट कुणाचीही असो, मी ती आधी उलटी करून बघतो. वडिलांनी लावलेली सवय आहे. पुढून दिसतो तो मालक. मागे कारागीर असतो, तारीख असते, आणि नशीब असेल तर नावं असतात.

फोटोचा इतिहास मी लांबवत नाही. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसाची फोटो काढायची रीत जगापुढे आली. चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं. ते बोट लागलं तरी पुसलं जाई, म्हणून काचेखाली, डबीत बंद. मग कागदावरचे फोटो आले, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद. १८५४ मध्ये पॅरिसच्याच दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने लहान पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोचं पेटंट घेतलं. आकार साधारण खेळायच्या पत्त्याएवढा. त्यानंतर बारा वर्षांनी त्याहून मोठा, कॅबिनेट नावाचा आकार निघाला, साधारण ११ बाय साडेसोळा सेंटिमीटर. आकार ठरले आणि चौकटी करणाऱ्यांना जगभर काम मिळालं. इतकंच लक्षात ठेवा, कारण आज कुठलीही जुनी चौकट हातात आली की मी आधी आतल्या खिडकीचं माप घेतो. ती कोणत्या फोटोसाठी केली होती, हे मापच सांगतं.

आता एक फरक सांगतो. आपल्याकडे फोटो भिंतीवर जातो. "त्यांचा फोटो भिंतीवर लागला" म्हणजे काय, हे मी या सभागृहात सांगायची गरज नाही. युरोपातल्या राजघराण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फोटो टेबलावर आला. लिहायच्या मेजावर, पियानोवर, पलंगाशेजारी. रशियाच्या शेवटच्या झारिनाच्या, म्हणजे सम्राज्ञीच्या खोलीचे जुने फोटो पाहा, कपाटांच्या माथ्यापासून मेजापर्यंत चौकटीच चौकटी आहेत. भिंतीवरच्या चौकटीची पाठ कुणाला दिसत नाही. तिथे पुठ्ठा मारला, चुका ठोकल्या, वरून कागद चिकटवला की काम झालं. टेबलावरची चौकट चारी बाजूंनी दिसते. ती उचलली जाते, हातात फिरवली जाते, पुन्हा ठेवली जाते. तिला मागे टेकू लागतो. म्हणजे तिची पाठही पुढच्या बाजूइतकीच देखणी करावी लागते. राजघराण्यांच्या चौकटी देखण्या का झाल्या याचं मोठं कारण मला हेच वाटतं. सोनं-चांदी तर भिंतीवरच्या आरशांनाही होतं.

या कामात सगळ्यात पुढे गेलं ते रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचं फॅबर्जे हे जवाहिऱ्यांचं घराणं. गुस्ताव फॅबर्जेने १८४२ मध्ये दुकान काढलं, त्याचा मुलगा कार्ल याने ते नावारूपाला आणलं. लोकांना त्यांची ईस्टरच्या सणाला भेट द्यायची रत्नजडित अंडी माहीत असतात. पण फॅबर्जेच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक जास्त करून सिगारेटच्या डब्या, छत्रीच्या मुठी, घड्याळं आणि फोटोच्या चौकटी न्यायचं. कार्ल स्वतः बाकावर बसून हे करत नव्हता. त्याच्याकडे कारखाने सांभाळणारे प्रमुख कारागीर होते. मी त्यांना आपल्या हैदराबादी रिवाजाने उस्ताद म्हणतो. मिखाईल पेर्खिन हा शेतकऱ्याचा मुलगा, १९०३ मध्ये वारला तोपर्यंत मुख्य उस्ताद तोच. त्याच्यानंतर हेन्रिक विग्स्ट्रॉम. आणि व्हिक्टर आर्ने हा तर चौकटींसाठीच ओळखला जाई. या उस्तादांची आद्याक्षरं चौकटीवर ठोकलेली असतात, बारीक, भिंगातून वाचावी लागतील अशी. शेजारी कसाचा आकडा. रशियात सोन्या-चांदीचा कस ९६ भागांत मोजत. ८८ चा छाप असेल तर ९६ पैकी ८८ भाग चांदी. आपला सराफ चोवीसातला कस सांगतो, तशीच पद्धत.

ही चौकट कशी होते, ते मला तुम्हाला सावकाश सांगायचंय. आयुष्यात मी पाहिलेल्या सगळ्या हातकामांत या कामापुढे मी सगळ्यात जास्त वेळ थांबलोय.

आधी चांदीचा पत्रा. त्यावर रेघा कोरायच्या. कोरायचं यंत्र असतं, पण ते हाताने चालवायचं. एक हात यंत्र फिरवतो, दुसरा हात कोरणीचा दाब सांभाळतो. रेघा मध्यापासून सूर्यकिरणांसारख्या फाकलेल्या असतात, कधी लाटांसारख्या, कधी रेशमी कापड तिरपं धरल्यावर जे पाणी चमकतं तशा. शंभर रेघा बरोबर आल्या आणि एकशे एकाव्या रेघेला दाब कमी-जास्त झाला, तर पत्रा वाया. कारण ती चूक लपत नाही. पुढे वर जो थर येणार आहे, तो आरपार दिसणारा आहे.

तो थर म्हणजे मीना. मीना म्हणजे काचच, रंगीत. काच कुटून बारीक पूड करायची, पुन्हा पुन्हा पाण्याने धुवायची, ओली पूड कोरलेल्या पत्र्यावर पातळ पसरायची, वाळू द्यायची आणि ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही मिनिटं धरायची. काच वितळते, पत्र्याला धरते. बाहेर काढायची, थंड होऊ द्यायची, घासायची, पुन्हा पूड, पुन्हा भट्टी. असे पाच-सहा थर. काच आणि चांदी सारख्या मापाने फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक खेपेला तडा जायची भीती. चौथ्या थरापर्यंत छान आलेलं काम पाचव्याला फुटू शकतं. शेवटी लाकडी चाकावर आणि मग मऊ कातड्याने तासन् तास घासायचं. इतकं झाल्यावर काचेखालच्या रेघा हलायला लागतात. चौकट हातात जरा कलती केली की उजेड एका रेघेवरून दुसरीवर सरकतो, तळ्यातल्या पाण्यावर सरकावा तसा. फॅबर्जेकडे या मीन्याच्या १४० हून जास्त छटा होत्या. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी एक छटा त्यांची खास होती. खाली किंचित नारिंगी झाक, वर बिनरंगी थर. पांढरा म्हणावा तर गुलाबी, गुलाबी म्हणावा तर पांढरा.

आता अशी एखादी चौकट उलटी करू. मागे बहुतेक वेळा हस्तिदंताची किंवा लाकडाची पातळ पाटी. आणि टेकू. हा टेकू साध्या सळईचा नसतो, चांदीची तार वेलीसारखी वळवून केलेला असतो. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला जी बाजू दिसणार, त्या बाजूसाठी एवढी मेहनत. हस्तिदंताबद्दल मनात खंत येते, आणि ती यावी. आज त्याचा व्यापार बंद आहे ते योग्यच आहे. पण त्या पाटीकडे बघून जतन करणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. हस्तिदंत दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, वाकतं, चिरतं. म्हणजे एकाच चौकटीत काच, चांदी, हस्तिदंत आणि कागद अशी चार स्वभावांची चार माणसं एका घरात नांदत असतात. त्यात सगळ्यात नाजूक कागद, आणि चौकट केली ती त्याच्यासाठी.

ब्रिटनच्या राजघराण्याकडे फॅबर्जेच्या शेकडो वस्तू आहेत. त्या जमल्या त्याचं मूळ दोन बहिणींत आहे. डेन्मार्कच्या राजाच्या या मुली. थोरली अलेक्झांड्रा ब्रिटनच्या राजघराण्यात दिली, पुढे सातव्या एडवर्डची राणी झाली. धाकटी डागमार रशियात दिली, तिथे तिचं नाव मारिया फ्योदोरोव्हना झालं. दोघी जन्मभर एकमेकींना भेटी पाठवत राहिल्या, आणि त्या भेटी बहुतेक फॅबर्जेच्या. सासरी दूर गेलेल्या बहिणीला फोटो पाठवायचा, तर तो नुसता पाकिटातून कसा पाठवायचा? लेकीबाळींना ओटी भरून लावतात ना, तसंच ते. थोरलीचा मुलगा पंचम जॉर्ज, धाकटीचा मुलगा रशियाचा झार, म्हणजे सम्राट, दुसरा निकोलस. सख्खे मावसभाऊ. दोघांचे एकत्र फोटो बघा, कोण कोणता ते पटकन ओळखू येत नाही.

या संग्रहातल्या ज्या चौकटीबद्दल बोलायला मी खरं तर आलोय, तिच्यात फोटो नाही, रंगवलेले चेहरे आहेत. ती एका अंड्याच्या आत आहे.

१९१४ च्या ईस्टरला झार निकोलसने पत्नीला फॅबर्जेचं एक अंडं दिलं. प्लॅटिनमची जाळी, आणि जाळीच्या घरांत मापाने कापलेली बारीक रत्नं, हिरे, माणकं, पाचू, पुष्कराज. लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी कापडावर टाके घालून फुलं भरली आहेत. आणि मूळ कल्पना तीच होती. फॅबर्जेकडे नक्षी काढणारी आल्मा पिल तेव्हा पंचविशीतली बाई. सासू विणकाम-भरतकाम करत बसली असताना तिच्या टाक्यांकडे बघून हे सुचलं, असं सांगतात. आपल्याकडे जुन्या घरांत मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेला पोपट नाहीतर 'सुस्वागतम्' काचेखाली लावलेलं असायचं. वडिलांच्या दुकानात असं भरतकाम चौकटीसाठी यायचं, विशेषतः लग्न ठरलेल्या मुलींचं. ते आठवा, म्हणजे आल्मा पिलचा डोळा तुम्हाला परका वाटणार नाही. टाका मोजून घालणाऱ्या बाईला जगात कुठेही नक्षी चौकटीचौकटीतच दिसते.

अंडं उघडलं की आत दोन सोन्याच्या कड्यांनी धरलेली एक इवलीशी उभी चौकट. वर हिऱ्यांचा मुकुट. पुढच्या बाजूला एकामागे एक, कडेने दिसणारे पाच चेहरे, तपकिरी छटेत. झारच्या चार मुली आणि एक मुलगा. आणि आता ती उलटी करा. मागे फुलांची परडी, वर्ष १९१४, आणि पाचही मुलांची नावं. ओल्गा, तात्याना, मारिया, अनास्तासिया, अलेक्सेई.

चार वर्षांनी, जुलै १९१८ मध्ये, येकातेरिनबर्गच्या एका घराच्या तळघरात ही पाचही मुलं आईबापांसह गोळ्या घालून मारली गेली. अलेक्सेई तेरा वर्षांचा होता.

पुढचं ऐका. १९१७ मध्ये झारने गादी सोडल्यावर ब्रिटनच्या सरकारने या कुटुंबाला आसरा देऊ केला होता. मग तो देकार मागे घेतला गेला, आणि त्यामागे पंचम जॉर्जचाच आग्रह होता. आपल्याच देशात असंतोष उसळेल अशी त्याला धास्ती होती. तिकडे क्रांतीनंतर अंडं जप्त झालं, नव्या राजवटीने परदेशी पैशासाठी अशा वस्तू विकायला काढल्या, आणि १९३३ मध्ये लंडनच्या एका दुकानातून ते विकत घेतलं कुणी, तर पंचम जॉर्जने. राणी मेरीसाठी. २५० पौंडांना. ज्या पुतण्या-पुतणींना घरात घेता आलं नाही, त्यांची चौकट घरात आली.

मी त्या राजाच्या मनात काय होतं ते सांगू शकत नाही, कुणीही सांगू नये. पण ज्याने आयुष्यभर चौकटी हाताळल्यात, त्याला एवढं कळतं की ती चौकट उचलणाऱ्या माणसाला ती फिरवून बघावीच लागते, आणि फिरवली की मागची पाच नावं वाचावीच लागतात. नावं नसती, तर ते पाच सुंदर चेहरे राहिले असते. आज कुठल्याही जुन्या बाजारात बघा, फॅबर्जेची असो की कुणाची, चौकट राहते आणि आतला फोटो बदलतो. कुणाचं तरी बाळ काढून त्या जागी कुठल्या तरी राजकन्येचा फोटो घालतात, म्हणजे किंमत वाढते. बाळ कुणाचं होतं, ते मागे लिहिलेलं नसलं की कायमचं गेलं.

आता आपल्याकडे या. आपण निजामाच्या मुलखातली माणसं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. आपल्याही दरबारात त्या काळचा मोठा छायाचित्रकार होता, राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याचा हा माणूस. रुरकीला इंजिनिअरिंग शिकला, इंदूरला नोकरी केली आणि फोटोंच्या वेडाने पुढे सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानांच्या पदरी आला. निजामाने त्यांना किताब दिला, राजा बहादूर मुसव्विर जंग. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. आपल्या वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, औरंगाबादचा मकबरा, हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्याने टिपलंय. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, फोटो काढणारीही बाई. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, आज दिल्लीत जपून ठेवलेल्या आहेत. एवढं काम मागे राहिलं, कारण स्टुडिओने काचांवर नंबर घातले होते. हे मी मुद्दाम सांगतोय.

आणि चौकटीचा कारागीर? तोही आपल्याच मुलखात होता. उदगीर माझं आजोळ. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं, तिथल्या लोकांचं कोर्ट-कचेरीचं गाव बीदर. मामासोबत मी लहानपणी बिदरी काम करणाऱ्यांच्या गल्लीत गेलोय. जस्त जास्त, तांबं थोडं, अशी धातू ओतायची. ओतीव वस्तू घासून तिच्यावर मोरचुदाचं पाणी फिरवायचं म्हणजे ती तात्पुरती काळी होते आणि कोरताना रेघ दिसते. मग छिन्नीने नक्षी कोरायची, त्या चरात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, पुन्हा घासायचं. यावेळी चांदी आणि धातू दोन्ही सारखेच पांढरट दिसतात, नक्षी जवळजवळ नाहीशी होते. आणि मग शेवटची गोष्ट. बीदरच्या किल्ल्यातली, जिला वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही अशी माती आणि नवसागर पाण्यात उकळायचं आणि वस्तू त्यात फिरवायची. धातू कायमची काळी कुळकुळीत, चांदी जशीच्या तशी. जणू रात्रीतून चांदणं वर आलं. माती चांगली की नाही, ते म्हातारे कारागीर जिभेवर ठेवून सांगतात. मी लहान असताना एकाने माझ्या बोटावर चिमूटभर ठेवली होती. खारट, आणि मागून जरा गार लागते.

पीटर्सबर्ग आणि बीदर, दोन्हीकडे आधी धातूत चर पाडायचा आणि मग तो भरायचा. तिकडे काचेने, इकडे चांदीने. पण तिकडच्या चौकटीवर पेर्खिनच्या नावाची अक्षरं ठोकलेली आहेत. बीदरच्या चौकटीवर मी कधी कारागिराचं नाव पाहिलेलं नाही. बिदरी कामाला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गावाचं नाव राखलं गेलं. माणसाचं नाव अजून राहिलंच आहे, आणि हे मला सलतं.

ही चौकट मी आजोळाहून आणलीय. बिदरी आहे. जवळ येऊन बघा नंतर, वरच्या पट्टीवर खसखशीच्या फुलांची वेल आहे. यात माझ्या आजीच्या वडिलांचा फोटो होता. शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, खुर्चीत बसलेले. शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा उभा, आजीचा थोरला भाऊ. दोघांभोवती लंबगोल कापलेला पुठ्ठा. आणि मुलाच्या खांद्यावर चार बोटं. नुसती बोटं, मनगटाशी बांगडीची कड, आणि तिथे पुठ्ठा सुरू होतो. लहानपणी मी विचारायचो, हा हात कुणाचा? आजी म्हणायची, "येवढं काय बघायलास त्यात? असंल कुणाचा."

आजी गेल्यानंतर किती तरी वर्षांनी ती चौकट माझ्याकडे दुरुस्तीला आली, काच तडकली होती म्हणून. मी ती उलटी केली, चुका एकेक करून पक्कडीने सरळ केल्या, मागचा पुठ्ठा काढला. आत भर म्हणून उर्दू वर्तमानपत्राची घडी घातली होती. तिच्या खाली फोटो. लंबगोल पुठ्ठा वर उचलला आणि खांद्यावरच्या बोटांच्या मागे अख्खी बाई उभी होती. डोक्यावर पदर, नजर सरळ कॅमेऱ्यात. पुठ्ठ्याखाली उजेड पोचला नव्हता, म्हणून फोटोतला बाकी भाग पिवळा, विटका पडला होता आणि ती तेवढी गडद, ठसठशीत. फोटोच्या मागे मोडीत पेन्सिलीने तीन नावं. दोन आम्हाला माहीत होती. तिसरं घरात कुणी कधी उच्चारलेलंही नव्हतं. आजीच्या वडिलांचं आधी एक लग्न झालं होतं, थोरला भाऊ त्या पहिल्या बाईचा, हे आम्हाला त्या दुपारी कळलं. दुसरा संसार सुरू झाला तेव्हा कुणीतरी पुठ्ठा कापून आणला असणार. फोटो मात्र कापला नाही. त्या माणसाचा मी उपकार मानतो.

म्हणून मला राग येतो तो भंगाराच्या तराजूचा. गावोगावच्या वाड्यांतून जुन्या चौकटी विकत घेणारे लोक येतात. पितळी असेल, शिसवी असेल, बिदरी असेल तर घेतात. अशा एका व्यापाऱ्याला मी माझ्या डोळ्यांदेखत चौकट मोकळी करताना पाहिलंय. काच एकीकडे, पट्टी एकीकडे, आणि फोटो चुरगाळून पोत्यात. मी पोत्यातला फोटो मागितला तर तो म्हणाला, "न्या की, त्याला काय किंमत?" त्याची चूक मी त्याच्या एकट्याच्या पदरात घालत नाही. घरच्यांनीच सांगितलं होतं, कोण आहेत ते आता कुणाला माहीत नाही.

माहीत नसण्याचं दुसरं रूप मी वडिलांच्या दुकानात पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे चार वाजायच्या आत, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंतींची घरं, वर मातीचं माळवद, झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. फोटो ज्या भिंतींवर होते त्या भिंतीच राहिल्या नाहीत. मी तेव्हा सुट्टी काढून घरी आलो होतो. काही दिवसांनी लोक दुकानात यायला लागले. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोटो, काचेचा चुरा अजून त्याला चिकटलेला, मातीचे ओघळ. कुणाकडे तेवढंही नव्हतं. मग नातेवाइकांकडून कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो शोधून आणायचे, मागच्या रांगेतल्या नखाएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, हा एवढाच मोठा करून मिळंल का. शेजारच्या स्टुडिओवाल्याने रात्र रात्र बसून ते चेहरे मोठे केले. धूसर यायचे. वडील ते जोडून द्यायचे.

त्या दिवसांत वडिलांनी कुणालाच तो प्रश्न विचारला नाही. सगळ्याच चौकटींना वरती दोन चुका ठोकत गेले. आणि आणखी एक केलं. पाठीचा कागद चिकटवण्याआधी ते गिऱ्हाइकाच्या हातात पेन्सिल द्यायचे आणि म्हणायचे, नाव लिहा, गाव लिहा. लिहिता येत नसेल तर स्वतः विचारून लिहायचे. मजुरी घेतली नाही.

कामाचं बोलतो. फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेनने नाही, त्याची शाई काही वर्षांनी पुढे उमटते आणि दाब पुढच्या बाजूला दिसतो. काच फोटोला थेट टेकू देऊ नका. पावसाळ्यात ओल धरली की फोटोचा थर काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहरा निघून येतो. मधे पुठ्ठ्याची खिडकी असू द्या, म्हणजे श्वास घ्यायला जागा राहते. स्वस्त पुठ्ठ्यात आम्ल असतं, त्याने कडा तपकिरी होतात. आम्ल नसलेला पुठ्ठा मिळतो, थोडा महाग पडतो, तोच मागा. लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत काढता येत नाही. ओल्या फडक्याने पुसू नका. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आपल्याकडे मेमध्ये ती भिंत तापते आणि जुलैत तिला ओल येते. कसर लागली असेल तर चौकट उघडून मोकळी करा, औषध फवारू नका. चांदीची चौकट असेल तर पॉलिश करण्याआधी आतला फोटो बाहेर काढा. आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. दोन्ही बाजूंचे.

संयोजकांनी तुम्हाला घरचा एकेक जुना फोटो आणायला सांगितलं होतं, आणि बऱ्याच जणांच्या मांडीवर पिशव्या दिसतायत. इथे टेबलावर पक्कड आहे, मऊ ब्रश आहेत, पेन्सिली आहेत. उर्दू वाचणारे एक गुरुजी आणि मोडी वाचणाऱ्या एक ताई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मावशी, तुमच्या हातात ती पितळी चौकट आहे ना, तुम्ही आधी या. काच अशी पोटाशी धरू नका, आडवी धरा. इथे ठेवा, पालथी.